बक्कलाची पाठ

टायर बदलायला गेलो होतो. ऑगस्टची दुपार, टेक्सासातल्या फोर्ट वर्थच्या पश्चिमेला, बाहेर पार्किंगचं डांबर बुटाखाली मऊ लागत होतं आणि आत वेटिंग रूममध्ये एसीचा गारठा, नव्या रबराचा वास, सकाळपासून आटलेल्या कॉफीचा वास, भिंतीवर आवाज बंद करून लावलेला टीव्ही. समोर एक म्हातारा बसला होता, सत्तरी नक्कीच ओलांडलेली, गवताची हॅट शेजारच्या खुर्चीवर उलटी ठेवलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा अर्धाच. पेराच्या वरती काहीच नाही, गुळगुळीत. मी तिकडे बघायचं नाही म्हणून मुद्दाम फोनमध्ये बघत होतो आणि तो मात्र निवांतपणे माझ्या कमरेकडे बघत होता. मग म्हणाला, "हेडर ऑर हीलर?" मला कळलंच नाही. सॉरी म्हणलं. त्यानं हनुवटीनं माझ्या बेल्टकडे खूण केली आणि तेच परत विचारलं, हळू, जसं परक्या माणसाला पत्ता सांगतात तसं. आता बेल्टवर चांगलं तळहाताएवढं चांदीचं बक्कल, त्याबद्दलच विचारतोय एवढं कळलं, पण काय विचारतोय ते नाही. शेवटी म्हणून टाकलं, नो सर, विकत घेतलंय. त्यानं मान हलवली, "वेल, इट्स अ गुड-लुकिंग बकल," म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

बास, एवढंच. हसला नाही, टोमणा मारला नाही, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

पण बिल भरायला उठलो तेव्हा मी पँटीत खोचलेला शर्ट हळूच बाहेर काढला होता.

आता हे बक्कल माझ्याकडे कसं आलं ते सांगतो, कारण मला त्याचा फार गर्व होता. वेदरफर्डकडे एक इस्टेट सेल होता. घरातलं माणूस गेलं की किंवा सगळं घरच आवरायचं असलं की इथं दोन-तीन दिवस घर उघडं टाकतात, चमच्यापासून कपाटापर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या लावतात आणि अनोळखी लोक दुसऱ्याच्या बेडरूममध्ये फिरून भाव करतात. सुरुवातीची काही वर्षं मला हे फार विचित्र वाटायचं, दहाव्याच्या आत घरात बाजार भरल्यासारखं, पण सवय होते माणसाला, मला तर नादच लागला. त्या घरात डायनिंग टेबलावर काचेच्या पेटीत सात-आठ बक्कलं मांडली होती. बाकीचे लोक वरून बघत होते, घोडा आहे का, बैल आहे का, सोनेरी किती आहे. मी पेटी उघडायला लावली, एकेक हातात घेतलं आणि पहिलं काम काय केलं तर उलटं केलं.

ही सवय माझी नाही, आजोबांची. आईचं माहेर हुपरीचं. हुपरी म्हणजे चांदी हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना तिथला आवाज सांगावा लागतो. सकाळी गल्लीतून गेलं की घराघरातून टिकटिक, मधेच शेगडीची फुस्स, कुठं तार ओढतायत, कुठं घुंगराला डाग देतायत, कुठं नुसतं पॉलिश. एकाच घरात पैंजण जन्मून मोठं होत नाही, चार घरं फिरून येतं. आजोबा डाग द्यायचे. म्हणजे जोडकाम. टाकणखार लावायचा, डागाचा, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या धातूचा, बारीक तुकडा चिमट्यानं ठेवायचा आणि फुंकणीनं ज्योत अशी वळवायची की डाग पळून सांध्यात शिरला पाहिजे, पण शेजारची कडी वितळली नाही पाहिजे. आम्ही सुट्टीत गेलो की मी तासन्‌तास बघत बसायचो. कुणी दुसऱ्याचा माल दाखवायला आणला की आजोबा तोंडाकडचा भाग बघायचेच नाहीत, सरळ उलटा करायचे. "पाठ बघ पोरा पाठ. त्वांड काय, कुणीबी रंगवतंय."

तर मी पाठी बघितल्या. पहिल्या तीन-चार बक्कलांची पाठ म्हणजे पुढच्या चित्राचा उलटा खड्डा, पुढं घोड्याची छाती फुगलेली तर मागं तिथंच खळगा, म्हणजे साच्यात दाबून काढलेला पत्रा. त्यात वाईट काही नाही, पण एका दाबात एक माल. एक ओतीव होतं, चांगलं जड, पण नक्षीच्या तळाशी बारीक बारीक भोकं, वाळूच्या कणांसारखी, आणि नक्षीच्या सगळ्या कडा जराशा गोल, साबणाच्या नव्या वडीवरची अक्षरं दोन आंघोळींनी जशी होतात तशा. मग हे हाताला लागलं. पाठ सपाट. हुक आणि पट्टा अडकवायची चौकट दोन्ही डाग देऊन बसवलेले, आणि सांध्याशी डाग सांडलेला नाही, कुठं ओघळ नाही, कुठं पोकळी नाही, एक बारीकशी रेघ तेवढी. मला त्या क्षणी खरंच आजोबांच्या खोलीतला कोळशाचा वास आला. पाठीवर शिक्का होता, 'स्टर्लिंग फ्रंट'. म्हणजे तोंड चांदीचं आणि पाठ जर्मन सिल्व्हरची. आजोबांचं सगळं तत्त्वज्ञानच उलटं की हे, इथं तोंड खरं आणि पाठ खोटी.

जर्मन सिल्व्हरबद्दल थोडं बोललं पाहिजे. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून येणारं हळदी-कुंकवाचं ताट, ते हेच. यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. (आणि आमच्या घरी 'जर्मनचं पातेलं' म्हणजे अल्युमिनियमचं, त्यामुळे लहानपणी माझ्या डोक्यात जर्मनी हा खोट्या भांड्यांचा देश होता.) अमेरिकेतली बरीच बक्कलं, खोगिरांचे दागिने, लगामाच्या कड्या याच धातूच्या, कारण कडक असतो, झिजत नाही, स्वस्त पडतो. लोहचुंबक लावून काही कळत नाही, चांदीलाही चिकटत नाही आणि यालाही नाही. वजनानं थोडं कळतं, त्याच आकाराची स्टर्लिंगची वस्तू साधारण पाचवा हिस्सा जड लागते. काळं पडण्यातही फरक, चांदी आधी पिवळसर होते मग काळी, जर्मन सिल्व्हर नुसतं निस्तेज होतं आणि बोटानं जोरात चोळलं तर जुन्या नाण्यासारखा वास येतो. ॲसिडचा थेंब टाकला तर लगेच हिरवं. स्टर्लिंग म्हणजे हुपरीच्या भाषेत साडेब्याण्णव टंच, शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. आजोबांच्या हातून गेलेली बरीच पैंजणं साठ-सत्तर टंचाची असतील, त्यामुळे साडेब्याण्णव ऐकलं असतं तर ते म्हणाले असते, एवढी मऊ चांदी कंबरेला कशाला.

मग पुढची बाजू. खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. हातानं खोदलेल्या नक्षीची एक खूण आहे, कितीही चांगलं यंत्र आणा, ती तशी येत नाही. खोदणाऱ्याची सळई चांदीत इंग्रजी व्हीसारखी खाच पाडत जाते आणि तिची बाजू आरशासारखी राहते, म्हणून बक्कल जरा हलवलं की उजेड पानावरून पानावर उडी मारतो. ओतीव किंवा छापील नक्षी एकदम उजळते आणि एकदम विझते. याच्यावरची वेल एका बाजूनं दुसऱ्या बाजूपेक्षा केसभर जास्त वळलेली, एका फुलाला पाच पाकळ्यांत एक जरा बारकी, म्हणजे माणूस होता. कडेला पिळाची तार, दोन तारा एकत्र पिळून वळवलेली, आणि तिची दोन टोकं जिथं मिळतात तो सांधा शोधायला मला चार मिनिटं लागली. वरची अक्षरं सोनेरी, करवतीनं कापून बसवलेली, 'आर'च्या पोटातल्या छोट्या भोकात कानशीच्या रेघा दिसतात. सोनं आहे का पितळ हा प्रश्न राहतोच. चांगल्या बक्कलांवर 'गोल्ड फिल्ड' असतं, एक विसांश वजन सोन्याचं असा त्याचा हिशोब, आणि स्वस्तावर एक प्रकारचं ब्राँझ, जे नवीन असताना सोन्याहून सुंदर दिसतं आणि घामानं दोन वर्षांत चहाच्या रंगाचं होतं. याचं पिवळं शाबूत होतं.

चिठ्ठी होती १८० डॉलरची. मी बक्कल उलटंसुलटं करून, तोंड वाकडं करून म्हणलं, खालची कड बघा, पीळ घासून सपाट झालाय, नक्षीपण तिथं पुसट आहे, शिवाय नाव खोदलेलं आहे, दुसऱ्याचं नाव कोण घालणार. दीडशेला मिळालं. गाडीत बसल्यावर मी आईला व्हिडिओ कॉल केला, तिकडे रात्रीचे साडेअकरा, ती झोपेतून उठून म्हणाली, छान आहे, पण हे एवढं मोठं लावणार कुठं?

घरी आल्यावर तीन महिने हे बक्कल म्हणजे माझा छंद. किचनच्या काट्यावर वजन केलं, एकशे बारा ग्रॅम. भिंग घेऊन पानं मोजली. साल होतं १९७८, ते मी लगेच टिपलं कारण सालावर किंमत ठरते. नाव वाचलं, म्हणजे डोळ्याखालून घातलं, कारण नावामुळे किंमत पडते. आणि खालच्या पट्टीवर बारीक अक्षरात 'हीलर' होतं, तर मला वाटलं बनवणाऱ्याचं नाव असणार. गुगलवर 'हीलर सिल्व्हरस्मिथ' शोधलं, सगळी कुत्री आली. निळसर करड्या रंगाची, गुरं हाकणारी, त्या जातीला ब्लू हीलर म्हणतात. म्हणलं छोटा कारागीर असेल, इंटरनेटवर आला नसेल.

टायरवाल्याकडून घरी आलो, बक्कल काढून टेबलावर ठेवलं आणि ते 'हीलर' परत वाचलं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

टीम रोपिंग नावाचा प्रकार असतो रोडिओमध्ये, म्हणजे काउबॉय लोकांच्या खेळांच्या स्पर्धेत. दोन घोडेस्वार, मधे पळणारा गोऱ्हा. एकानं शिंगांवर फास टाकायचा, तो हेडर. त्यानं गोऱ्हा वळवला की मागून दुसऱ्यानं पळत्या जनावराचे मागचे दोन्ही पाय फासात धरायचे, तो हीलर. फास बसला की दोराचे खोगिराच्या पुढच्या खुंटाला झपकन वेढे द्यायचे आणि त्या वेढ्यांत अंगठा सापडला तर गेला, एवढ्या मोठ्या जनावराच्या ओढीपुढं काय टिकणार. इथल्या जुन्या रोपर लोकांत अर्धा अंगठा ही फार नवलाची गोष्ट नाही. म्हणजे म्हाताऱ्यानं मला साधा, दोन ओळखीची माणसं बोलतात तसला प्रश्न विचारला होता, तू पुढचा का मागचा. आणि मी, पाठीवरच्या डागापासून 'आर'च्या पोटातल्या कानशीपर्यंत सगळं बघितलेला माणूस, त्या बक्कलावर लिहिलेलं वाचलं नव्हतं.

हे बक्कल प्रकरण मुळात किती जुनं हेही गमतीचंच आहे. आपल्याला वाटतं काउबॉय म्हणजे पहिल्यापासून हे थाळीएवढं बक्कल. तसं काही नाही. एकोणिसाव्या शतकात गुरं हाकणारे बहुतेक गॅलिस लावायचे, खांद्यावरून पँट धरून ठेवणारे पट्टे. लेव्हाइसच्या जीन्सला बेल्टसाठी पट्ट्या आल्या त्या १९२२ मध्ये. चांदीचं वेड मूळचं मेक्सिकन घोडेस्वारांचं, आणि त्याला झगमग चढवली हॉलिवूडनं. त्यातला सगळ्यात नावाजलेला कारागीर एडवर्ड बोलिन, तो स्वीडनहून पोरसवदा वयात आलेला, वायोमिंगमधल्या कोडीत हात घडवला आणि मग हॉलिवूडमध्ये दुकान टाकून सिनेमातल्या काउबॉयांची खोगिरं चांदीनं मढवली. म्हणजे अस्सल वेस्टर्न म्हणून जे आपण बघतो त्यातलं बरंच एका स्वीडिश माणसाच्या आणि कॅमेऱ्याच्या नजरेतून आलेलं. मला हे वाचून बरं वाटलं होतं, म्हणलं बाहेरून आलेल्यांचाच खेळ आहे तर. पण बोलिन निदान खोगीर बनवत होता, मी नुसता बेल्ट लावून कॉस्टकोत जात होतो.

आणि खोट्याची हौस तर विचारूच नका. इथल्याच कँटन गावच्या महिन्याच्या बाजारात मला एकानं पितळेचं बक्कल दाखवलं होतं, समोर घोडागाडी आणि वेल्स फार्गोचं नाव, मागं टिफनी या न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या जवाहिऱ्यांचा शिक्का, शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून. ही टिफनी बक्कलं कलेक्टर लोकांत कुप्रसिद्ध आहेत. १९६० च्या दशकात असला माल बाजारात आला, जुन्या एक्स्प्रेस कंपन्यांची नावं, टिफनीचा खोटा शिक्का, मुद्दाम मळवलेलं पितळ. आणि सगळ्यात भारी म्हणजे माल खरा वाटावा म्हणून त्याच्याबद्दलचं एक पुस्तकही खोटंच तयार केलं, मागची तारीख घालून, म्हणजे शंका आली की विकणारा पुस्तक उघडून दाखवणार, हे बघा, छापलेलं आहे. १९७३ मध्ये कॅम्पबेल नावाच्या अभ्यासकानं हे सगळं उघडं पाडलं. आता ती खोटी बक्कलंच पन्नास-साठ वर्षांची झालीत आणि 'खरी खोटी' म्हणून विकली जातात. आजोबांना सांगितलं असतं तर खूप हसले असते. त्यांना फसवाफसवीचा राग नव्हता एवढा, वाईट कामाचा होता. कमी टंचाचं पैंजण नीट डाग दिलेलं असलं तर ते हातात धरून बसायचे, आणि शुद्ध चांदीचं गबाळं काम असलं तर म्हणायचे, घाला मुशीत.

घाला मुशीत. किंमत म्हणजे शेवटी हेच का, हा प्रश्न टेक्साससाठी काही पुस्तकी नाही. डॅलसच्या हंट या तेलवाल्या अब्जाधीश बंधूंनी १९७९ मध्ये चांदी विकत घ्यायचा असा सपाटा लावला की औंसाला सहा डॉलरची चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नासाला टेकली. आणि २७ मार्चला अकराच्या खाली कोसळली. त्या थोड्या महिन्यांत देशभर लोकांनी आजीचे चमचे, चहाच्या किटल्या, काय काय रांगा लावून वितळवायला दिलं. माझं बक्कल १९७८ चं. म्हणजे त्या जानेवारीत ते दोन वर्षांचं होतं, कुणाच्या तरी कमरेला किंवा खणात, आणि घरात कुणीतरी नक्की म्हणालं असणार की अरे भाव बघ, देऊन टाकू. दिलं नाही. हे मी माझ्या मनानं रचतोय हे मला कळतं, पण ते आज माझ्या टेबलावर आहे एवढं तर खरं आहे.

यात एक गंमत अशी की रोडिओतली जिंकलेली बक्कलं कारागिरी म्हणून बरेचदा साधीच असतात. छोट्या गावच्या स्पर्धेत कमिटीचं बजेट केवढं असणार, कॅटलॉगमधून मागवायची, वर गावाचं नाव आणि साल घालून घ्यायचं, चांदीचा नुसता मुलामा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला इंग्रमसारख्या टेक्सास हिल कंट्रीतल्या छोट्या गावात क्लिंट ऑर्म्सच्या वर्कशॉपमधून हातानं घडवलेलं, सोन्याच्या अक्षरांचं असं बक्कल करून मिळतं की बघत राहावं. कारागिरी बघायची तर तिथं. पण फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे जुन्या गुरांच्या बाजाराच्या भागात, शनिवारी रात्री दोन माणसं शेजारी उभी केली, एकाच्या कमरेला ते हजारोंचं आणि दुसऱ्याच्या कमरेला मुलामा उडालेलं, 'काउंटी फेअर, तिसरा नंबर' असं, तर जुनी माणसं कुणाशी बोलायला जातील हे मला आता माहितीये. आपल्या पैशानं घडवलेलं सुंदर बक्कल घालायला कुणाची हरकत नाही. दुसऱ्यानं जिंकलेलं घालणं मात्र वेगळं. त्याला नियम नाही, कुणी अडवत नाही, फक्त विचारतात, हेडर का हीलर.

मला हे आधीच कळायला हवं होतं. कारण बक्कल हा शब्द मी इंग्रजीतून शिकलो नाही.

माझे वडील पोलीस हवालदार होते. पोलिसाच्या घरात बक्कल म्हणजे काय हे ज्याला माहितीये त्याला माहितीये. नावाच्या आधी बक्कल नंबर. पगाराच्या कागदावर बक्कल नंबर, ड्यूटी लागली की वहीत बक्कल नंबर, साहेब चिडले की "काय रे, बक्कल नंबर काय तुझा?" पूर्वी म्हणे तो नंबर खरंच पट्ट्याच्या बक्कलावर असायचा, म्हणून हे नाव पडलं आणि नंबर पुढं जिकडं गेला तिकडं नाव घेऊन गेला. वडिलांचा पट्टा चामड्याचा, रुंद, बक्कल पितळेचं. गणपतीच्या बंदोबस्ताच्या आदल्या रात्री आई जुन्या बनियनच्या फडक्यावर ब्रासो घेऊन बसायची, तो द्रव आणि त्याचा डोक्यात जाणारा वास, घासून फडकं काळंकुट्ट व्हायचं आणि पितळ असं की त्यात ट्यूबलाइट वाकडी दिसायची. मी आणि भाऊ त्यात तोंडं वेडीवाकडी करून बघायचो. वडील एकदाच ओरडले त्यावरून, भावानं तो पट्टा कमरेला लावून गल्लीत मिरवला तेव्हा. मारलं नाही. पण तो पट्टा काढून घेताना जे म्हणाले, "हे खेळायचं नाही, नंबर माझा आहे," तो आवाज अजून ऐकू येतो.

रिटायर होताना सगळं किट जमा करायचं असतं. ते बक्कल घरात कसं राहिलं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर मी ते घेऊन आलो. आता इथं, मोज्यांच्या खणात, एका साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. चांदीचं बक्कल त्या रात्री ठेवायला खण उघडला तेव्हा हे बाहेर काढलं, आणि अर्थातच उलटं केलं. पाठ म्हणजे काय, सरकारी माल, ओतीव, कानस सुद्धा नीट मारलेली नाही, एका कडेला ओतकामाची रेघ तशीच. आजोबांनी जावयाच्या तोंडावर काही म्हणलं नसतं, पण मनात मुशीत घातलं असतं. पुढून नंबर जवळजवळ गेलाय. झिजून नाही, आईनं घासून घासून. तिरकं धरलं तर शेवटचे दोन आकडे दिसतात, आधीचे मला पाठ आहेत म्हणून दिसतात.

मग मी दुसऱ्याचीही खालची कड परत बघितली. तीच, जी दाखवून मी तीस डॉलर पाडून घेतले होते. पीळ सपाट झालाय तो मधोमध नाही, उजवीकडे जरा जास्त. पुढच्या शनिवारी मुद्दाम एका रोपिंगच्या सरावाला जाऊन कुंपणापाशी उभा राहिलो, प्रवेश फुकट होता, आणि नुसत्या कमरा बघत बसलो. माणसं लोखंडी पाइपच्या कुंपणावर एक पाय ठेवून रेलतात, तासन्‌तास, आपली पाळी येईपर्यंत, आणि बक्कलाची खालची कड पाइपवर टेकते. घोड्यावर दोर टाकायला पुढं झुकलं की तीच कड खोगिराला घासते. रोज नसेल होत. पण एवढा पीळ सपाट व्हायला किती शनिवार लागत असतील. त्या इस्टेट सेलमध्ये गॅरेजमधून जाताना एका गवताच्या गठ्ठ्याला प्लॅस्टिकचं शिंगवालं डोकं खोचलेलं दिसलं होतं, सरावाचं, आणि बादलीत दोराची वेटोळी, पाच डॉलरला एक. मी त्यांना ओलांडून डायनिंग टेबलाकडे गेलो होतो. बाकीची बक्कलंही त्याचीच असणार. आणि याच बक्कलाचा जोड, 'हेडर' लिहिलेला, कुठंतरी दुसऱ्याच खणात असणार, दोघांना एकेक देतात.

परत करावं असंही मनात आलं. पण कुणाला? त्याच्याच घरच्यांनी चिठ्ठी लावली होती, १८० डॉलर. त्यांना बोलवून मी काय सांगणार, तुम्ही विकलंत हे चुकलं? माझ्या भावानं उद्या पितळेचं ते बक्कल मोडीत घातलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो देव जाणे. शिवाय खरं सांगायचं तर मला ते सोडवत नाही. अजूनही संध्याकाळी खिडकीशी नेऊन हलवतो, उजेड पानांवरून उडतो आणि मनात तोच जुना विचार येतो, काय हात होता ह्या माणसाचा. घालत मात्र नाही.

परवा मुलाच्या हाताला लागलं ते. आठ वर्षांचा आहे, दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. त्यानं एका दमात सगळं वाचून टाकलं, गावाचं नाव, साल, त्या माणसाचं नाव, टीम रोपिंग, हीलर. तीन महिन्यांत मला जमलं नाही ते पाच सेकंदांत. मग विचारलं, "बाबा, हीलर म्हणजे बरं करणारा?" म्हणलं नाही रे, आणि सांगायला लागलो, हात हलवून, गोऱ्हा इकडून पळतो, हेडर असा. त्याला कळेना. मग गॅरेजमधली नायलॉनची दोरी काढली, फास केला आणि अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. खुर्ची पळत नाही हे लक्षात घ्या. पोरानं शिंगं म्हणून पाठीच्या टोकांवर फास टाकला, तिसऱ्या वेळी बसला, मग म्हणाला आता तू पाय धर. मी सतरा वेळा टाकला. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून पाणी घालता घालता थांबून बघायला लागले. मागचे दोन्ही पाय एकदाही सापडले नाहीत. एक पाय दोनदा सापडला. एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड असतो हे मीच पोराला सांगून बसलो होतो, त्यामुळे दोन्ही वेळा त्यानं ओरडून मोजले.

नायलॉननं तळहात सोलला होता. रात्री भात कालवताना झोंबला.